खालच्या शेतावर पानी

माणिकपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर औषध घालून डोळे मिटून बसलेली एक म्हातारी आणि तिचा भाचा.

"भूपेश, शेत विकायला नको होतंस रे."

"आत्या, पप्पांची शेवटची इच्छा होती. नाहीतर मी सही केली असती का?"

"दादा असं बोलेल, मला अजून पटत नाय."

"हॉस्पिटलमध्ये माझ्यासमोर बोलले."

"तू तेव्हा नुसतं सांगितलंस, शेत सोडून द्या म्हनाले. शब्द काय होते त्याचे?"

"म्हणाले, खालच्या शेतावर पानी सोड."

"असंच म्हनाला?"

"असंच. पाणी सोड म्हणजे नाद सोड, हक्क सोड."

"महिना कुठला होता?"

"जुलै. त्याचं काय?"

"भाताची लावनी चाललेली. पावसानं ओढ दिलेली. वरच्या शेतात पानी होतं, खालचं कोरडं. दादा रोज सकाळी बांध फोडून खालच्या शेतावर पानी सोडायचा."



"तू हे तेव्हाच का नाही सांगितलंस, आत्या?"

"त्याचे शब्द तू आज सांगितलेस."

"मला शेतातलं काय कळतं? बोळिंजचा फ्लॅट, शाळा, ऑफिस."

"तू काय बोललास त्याला?"

"सोडतो म्हटलं. त्यांना बरं वाटलं. मग म्हणाले, फावडं पडवीत आहे."

"मग?"

"आम्हाला वाटलं, तापात बरळताहेत."