पाच घरांची तूर

"हॅलो? हां, बोल बबे… बसली का गाडीत?"

या फोनमधून इंद्रजीतला एक नोझल मिळायचं होतं. पुसदला त्याच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानामागे सतरा जुने व्हॅक्यूम क्लीनर फळ्यांवर मांडलेले होते, आणि एकाचाही संच पुरा नव्हता. कुणाचा पाइप गेलेला, कुणाची पिशवी उंदरांनी खाल्लेली. नळकांड्यासारख्या राखाडी मशीनचं तेवढं सगळं शाबूत होतं, फक्त पाइपाच्या टोकाला लावायचं चपटं नोझल नव्हतं. नऊ वर्षं शोधल्यावर ते सापडलं कुठं, तर केळापूरला, सख्ख्या बहिणीच्या, बबिताच्या सासरी, गोठ्यातल्या खुंटीवर.

बबिताच्या सासूनं, रुखमाबाईनं (इंद्रजीत तिला मावशी म्हणायचा), अट घातली: आधी मशीन दाखवा, मग नोझल न्या. तरुणपणी ती कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरच्या बंगल्यावर झाडायला होती. तिथल्या बाईसाहेबांनी असल्या मशीनला तिला कधी बोट लावू दिलं नव्हतं. बंगला मोडला तेव्हा नोझल तेवढं तिच्या वाट्याला आलं. इंद्रजीतनं विचार केला, द्यायचं दोन दिवसांसाठी, घ्यायचं कायमचं. आणि परवा मशीन बहिणीसोबत धाडून दिलं. आज ती मशीन आणि नोझल दोन्ही घेऊन पुसदला यायची होती.

"काहून नाही बसली?… उद्या? उद्या कायले?… अवं ऐक ना, पाह्यलं ना मावशीनं मशीन? झालं मंग… कामात हाये? मशीन कामात हाये?… गोठा झाडून राह्यल्या का?… मंग?"

इथं इंद्रजीत स्टुलावरून उठला.

"तूर? तुरीत कायचं मशीन?… थांब, मले समजू दे. वारं पडलं. बरं. उफणाले वारं नाही. बरं. म्हणून तुमी… बबे, साठ वर्षाचं हाये वं ते. गालिचे साफ केले त्यानं, सोफे साफ केले. त्याच्यापुढं सूप धरून उभ्या राह्यल्या तुमी?"

मग त्यानं दम न घेता सुनावलं. त्या मशीनला तो कोरड्या फडक्याशिवाय काही लावत नाही. महिन्यातून एकदा दोन मिनिटं चालवतो, तेही आवाज ऐकायला. स्वतःच्या बायकोनं दिवाळीत मागितलं तेव्हा तिच्या हातात झाडू दिला होता. कुटाराची, तुरीच्या भुशाची, एक काडी मोटारीत गेली तर काय होतं, हे सांगून झाल्यावर त्याला मुख्य गुन्हा आठवला.

"अन पाइप मांगच्या तोंडाले लावला का तिथून वारं निघते, हे तुमाले सांगतलं कोनं?… मी? म्या कधी?… दिवाळीले?"

तो परत स्टुलावर बसला. आताची मशीनं नुसती ओढतात, आमचं ओढतंही अन फेकतंही, असं जेवता जेवता अर्धा तास भाटव्यांना, बबिताच्या नवऱ्याला, त्यानंच समजावलं होतं.

"सांगतलं असन. सांगतलं म्हंजे उफणा म्हटलं का?… किती घरची झाली?… पाच? सकाळपासून चालूच?… गरम नाही झालं?… नाही?"

हा शेवटचा प्रश्न रागाचा नव्हता. दुकानात कुणी ऐकलं नाही ना, हे पाहून त्यानं पुन्हा आवाज चढवला.

"अन नोझल?… फाकवलं म्हंजे?… कानशीनं? भाटव्यानं कानस मारली त्याले?… वारं पसरट याव म्हणून. वा. नऊ वर्ष शोधलं म्या ते, बबे. नऊ वर्ष… बंद कर. आत्ताच्या आत्ता… कोनाची राह्यली?… मावशीची सोताची? लोकाईची करून दिली अन आपली मांगं ठेवली?… बटन कोनाच्या हातात हाये?… पाचही घरची त्यायनंच केली?… दुसऱ्या कोनाले हातही लावू देत नाही?… फोन ने मशीनजवळ. ने म्हणतो ना."

फोनमधून घरघर आली. वाइंडिंग करणाऱ्याला मोटार डोळ्यांनी पाहावी लागत नाही. आवाज भरीव होता, बेअरिंग ठीक होतं. पण मधूनच बारीक करकर ऐकू येत होती. आतले कार्बन, फिरत्या मोटारीला वीज पोचवणाऱ्या कांड्या, झिजून संपत आले होते. तो ऐकत असतानाच करकर वाढली, घरघर खाली खाली गेली आणि थांबली.

"…गेलं ना? हात नोको लावू. भाटव्याले पेचकस दिसू देऊ नोको… मावशी काय म्हणतात?… नोझल आजच घेऊन जा म्हणतात? आता काय करू मी त्याचं?… काय करून राह्यल्या त्या?… बटन चालू-बंद करून पाहून राह्यल्या?"

त्यानं मान वळवून मागच्या फळ्यांकडे पाहिलं. बबितानं दोनदा हॅलो म्हटलं असावं.

"हाये, हाये… किती तूर राह्यली त्यायची?… दोनच पोते?… ऐक. सकाळच्या एसटीनं कार्बन पाठवतो. भाटव्याले घेऊन जा म्हणा स्टँडावरून. कसे बसवायचे ते मी फोनवर सांगन, मी सांगन तेवढंच कराव… नाही वं, बाजारात नाही भेटत त्या मापाचे… कुठून आणतो ते तू नोको इचारू. ठेव."

ठेवला मात्र त्यानंच. मग मागे जाऊन त्यानं फळीवरून पहिल्या नंबरचं हिरवं मशीन उतरवलं. सगळा नाद याच्यापासूनच लागला होता, आणि सतरांत रोज चालणारं हे एकच होतं. त्याचे कार्बन काढायला त्यानं स्क्रूला पेचकस लावला.

पाच घरांना साफ तूर मिळाली, बबिताला सासरी मान मिळाला, रुखमाबाईला बटन मिळालं, इंद्रजीतला फाकलेलं नोझल मिळालं. या सगळ्याची भरपाई केली ती हिरव्या मशीननं, जे केळापूरला कधी गेलंही नव्हतं.