लाइनबॅकरच्या नावावरच्या सतरा चुका

आजच्या समारंभाच्या आणि आपल्या मंडळाच्या अध्यक्ष नैनाताई गुप्ते, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कसाबसा मावलेला आजचा सत्कारमूर्ती ऋषी, पहिल्या रांगेत बसलेले त्याचे आईवडील मालिनीताई आणि त्र्यंबकराव पेंढारकर, शेजारच्या डब्लिन गावातून आणि कोलंबसच्या कानाकोपऱ्यांतून शनिवारची दुपार मोडून आलेले सर्व काका, काकू, मावश्या, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये मान घालून बसलेली आमची पुढची पिढी, सर्वांना माझा नमस्कार.

मी गुरुनाथ देवपुजारी. बरेचजण ओळखतात. मूळचा नागपूरचा, त्यामुळे माईक लावला नसता तरी चाललं असतं. नैनाताईंनी पंधरा दिवसांपूर्वी फोन केला आणि म्हणाल्या, "बाकीचे लोक ऋषीच्या स्वभावाबद्दल बोलतील, तुम्ही त्याच्या फुटबॉलबद्दल बोला. तुम्हाला त्यातलं कळतं." मी हो म्हणालो. फोन ठेवून मी सुनेत्राकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, स्वयंपाकघरात गेलो. ती म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, भाषण करायचंय.

ऋषी इथेच ओहायोत जन्मला. आपल्याकडच्या मुलांनी काय काय व्हावं याची जी ठरलेली यादी असते, तिच्यात इथल्या अमेरिकन फुटबॉलचा कोच बसत नाही. त्र्यंबकराव, रागावू नका, पण तुम्ही सहा वर्षं लोकांना "मुलगा शिक्षणक्षेत्रात आहे" एवढंच सांगायचात. आम्हाला वाटायचं युनिव्हर्सिटीत असेल. खोटं काहीच नव्हतं त्यात. ऋषी आपल्या भागातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचा आणि संध्याकाळी मैदानावर लाइनबॅकर, म्हणजे बचावातल्या मागच्या फळीतल्या मुलांना तयार करायचा. इथल्या शाळांमध्ये बऱ्याचदा ही दोन कामं एकाच नेमणुकीत बांधलेली असतात, एक गेलं की दुसरंही जातं. डिसेंबरात ऋषीचं तसंच झालं. पुढच्या सीझनला तुम्ही नाही, असं शाळेने सांगितलं, आणि इतिहासाचा वर्गही नव्या कोचला दिला. येत्या गुरुवारी तो दुसऱ्या राज्यात, प्लेनोला निघतोय. तिथल्या तीन शाळांमध्ये त्याने अर्ज केले होते, तिन्हींनी इथे फोन करून चौकशी केली आणि नंतर तिन्ही गप्प झाल्या. आता मावसभावाच्या ऑफिसात काम करणार आहे. आपल्या निमंत्रणावर "उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा" असं छापलं आहे. छापायला काय लागतं?

त्या तीन शाळांना इथून काय सांगितलं गेलं, ते मला माहीत आहे, कारण ते मी लिहिलं होतं.

थोडं मागे जातो. माझा मुलगा ईशान याच टीममध्ये डिफेन्सिव्ह लाइनवर खेळायचा. म्हणजे समोरच्या टीमचे धिप्पाड गडी जिथे अंगावर येतात, तिथे अगदी तोंडाशी. मी वीस वर्षं डेटात काम करतो. मॅचचे व्हिडिओ तुकडे करून, प्रत्येक चाल तपासून, कुठे कुणाचं चुकलं याची शीट करायला शाळेला एक पालक हवा होता. मी हात वर केला. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू कुठे आहे तेच मला दिसायचं नाही.

मला शिकवलं ऋषीने. शनिवारी सकाळी लायब्ररीतल्या छोट्या खोलीत आम्ही बसायचो. मी थर्मासमधून चहा न्यायचो, तो तीन-तीन केळी खायचा. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "काका, बॉल बघू नका. बॉल सगळे बघतात. डोअर कोणाचं होतं ते बघा."

आता ज्यांना हा खेळ रानटी वाटतो त्यांच्यासाठी दोन वाक्यं सांगतो, मालिनीताईंनाही सहा वर्षांत कुणी सांगितली नसतील. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन पळत येतो तेव्हा त्याला जायला माणसांमाणसांमध्ये फटी असतात. त्या फटी म्हणजे दारं धरा. आपल्या प्रत्येक गड्याला एक दार नेमून दिलेलं असतं. पुढच्या ओळीतल्याने आपल्या दारात घट्ट उभं राहायचं, आणि चार पावलं मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरने उरलेलं दार येऊन बंद करायचं. पुढचा गडी पराक्रम करायला म्हणून आपलं दार सोडून शेजारच्या दारात घुसला, तर कधीकधी फार मोठा पराक्रम होतो आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं जातं. पण तो फसला तर त्याचं दार सताड उघडं. मग मागच्या बिचाऱ्या लाइनबॅकरला एकाच वेळी दोन दारं सांभाळायची असतात. तो एक पाऊल उशिरा पोचतो, पळणारा त्याच्या हाताला चाटून जातो, आणि गॅलरीत बसलेला माणूस काय म्हणतो? "काय हा लाइनबॅकर, झोपला होता का?" मीही म्हणालो आहे.

ऋषी म्हणायचा, बाजूच्या कॅमेऱ्यातून नेहमी लाइनबॅकरच गुन्हेगार दिसतो. खरं बघायचं तर मैदानाच्या टोकाच्या कॅमेऱ्यातून बघा, तिथून आधी कोण हललं ते दिसतं.

सप्टेंबरात चौथ्या मॅचला समोरचा मुलगा चाळीस यार्ड पळाला. मी बाजूच्या कॅमेऱ्यातून बघितलं आणि शीटमध्ये लिहिलं, "लाइनबॅकर उशिरा." ती चूक मी प्रामाणिकपणे केली होती, एवढं तरी मला म्हणू द्या. मग दुसरा कॅमेरा लावला. ईशानने दार सोडलं होतं. चेंडू हलायच्या आधीच त्याचे खांदे आत वळलेले. मी तीनदा मागे घेऊन बघितलं. पेन्सिलने दुरुस्त करायची गोष्ट नव्हती, एक क्लिक होती. मी केली नाही.

का केली नाही? त्या आठवड्यात इंडियानातल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचने ईशानबद्दल विचारणा केली होती. ज्याच्या मुलाला असं कुणी विचारलं असेल त्यालाच तो मोह कळेल. मी म्हटलं, एकदाच. मग पुढच्या मॅचला दोनदा झालं, त्याच्या पुढच्या मॅचला तीनदा. मंडळी, डोळ्यांवर कातडं ओढायलाही सराव लागतो. नोव्हेंबरपर्यंत माझा चांगला झाला होता. मी टोकाचा कॅमेरा लावणंच बंद केलं.

सीझन संपला तेव्हा हिशेब असा होता. दहा यार्डांपेक्षा लांब गेलेल्या अडतीस धावा. त्यातल्या सव्वीस मी लाइनबॅकरच्या नावावर लिहिल्या. खऱ्या होत्या नऊ. उरलेल्या सतरा माझ्या मुलाच्या होत्या. शाळेच्या बैठकीत ती शीट टेबलावर ठेवली गेली. लाइनबॅकर सव्वीस वेळा चुकतात म्हणजे त्यांचा कोच काय करतो? प्रश्न बरोबरच होता. कुणीतरी म्हणालं म्हणे, "गुरुनाथ डेटाचा माणूस आहे, त्याची शीट पक्की असते." ऋषीला विचारलं, तुला काही सांगायचंय? तो नाही म्हणाला.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मला त्र्यंबकरावांकडे बघता येणार नाही, तेव्हा मी भिंतीकडे बघतो. शेवटची मॅच आम्ही हरलो. दोन यार्ड अडवायचे होते आणि पळणारा एकसष्ट यार्ड गेला. सहा वर्षांत त्र्यंबकराव पहिल्यांदाच मॅचला आले होते. कानटोपी घालून, मांडीवर ब्लँकेट घेऊन. आजूबाजूचे लोक त्यांच्या मुलाच्या नावाने ओरडत होते, इंग्रजीत, आणि त्र्यंबकरावांना ते सगळं समजत होतं. गर्दी उतरल्यावर ते पार्किंगमध्ये माझ्याकडे आले. मला म्हणाले, "गुरुनाथराव, तुम्हाला यातलं कळतं. आमच्या ऋषीचं चुकलं का हो?"

मी म्हणालो, "थोडं चुकलंच."

सत्तरीच्या माणसाने मान हलवली, "बरं" म्हणाले आणि गाडीकडे गेले. त्र्यंबकराव, त्या दिवसाचं उत्तर मी आज बदलतो आहे. नव्हतं चुकलं. त्या एकसष्ट यार्डांत तुमच्या मुलाने शिकवलेला पोरगा एकटा दोन दारं धरून उभा होता, आणि तरी त्याचं बोट पळणाऱ्याच्या जर्सीला लागलं होतं. याहून चांगलं कुणी शिकवू शकत नाही. तुम्ही आठ महिने हे मनात घेऊन बसलात, ते माझ्यामुळे.

पुढचं लवकर सांगतो, नैनाताई घड्याळ बघताहेत.

गेल्या रविवारी मी ईशानला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तो गॅरेजमध्ये कॉलेजसाठी सामान भरत होता. मला वाटलं होतं चिडेल. त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाबा, आय टोल्ड कोच. ऑक्टोबरमध्येच. इट वॉज माय गॅप, मी सांगितलं होतं त्याला. अँड शीट बघून मी त्याला म्हटलं, माय डॅड डझन्ट रिअली गेट फुटबॉल."

मी विचारलं, मग ऋषी काय म्हणाला?

"काही नाही. ही सेड, युअर डॅड वर्क्स हार्ड."

मंडळी, ज्या माणसाने मला एकेक दार बोट ठेवून शिकवलं, त्याला पुरतं माहीत होतं की मला कळतं. त्याने माझ्या मुलासमोर मला अडाणी राहू दिलं, खोटारडा होऊ दिलं नाही. स्वतःची नोकरी जात असताना. मी त्याच दिवशी ऋषीला फोन केला. म्हटलं, तू बैठकीत बोलला का नाहीस? तो म्हणाला, "काका, शीट राँग आहे म्हटलं असतं तर व्हाय ते पण सांगावं लागलं असतं. ही इज सेव्हन्टीन. ही हॅज टू लिव्ह विथ यू." मग विचारलं, "ईशान ओके आहे ना?"

सोमवारी दुरुस्त केलेली शीट मी शाळेला पाठवली, आणि प्लेनोच्या तिन्ही शाळांना. त्या लाइनबॅकर मुलांच्या घरीही एकेक पत्र टाकलं. आपल्या शाळेचं उत्तर बुधवारी आलं, दोन ओळींचं. कळवल्याबद्दल आभार, जागा भरली गेली आहे. प्लेनोहून अजून काही नाही, आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही, ते काम माझ्याकडून पुरेसं झालं आहे.

ईशानने न सांगता त्या इंडियानाच्या कॉलेजला स्वतःच लिहिलं. त्यांचं उत्तर एका तासात आलं. "आम्ही ते ऑक्टोबरातच व्हिडिओत बघितलं होतं. सतरा वर्षांची सगळी मुलं असंच करतात. आम्ही शिकवू." माझी शीट त्यांनी उघडलीच नव्हती. म्हणजे ज्याच्यासाठी मी हे केलं त्याला त्याची गरजच नव्हती. एका माणसाचं आयुष्य मी उगाच मोडलं. याला दुसरा शब्द असेल तर मला सांगा, मी आठवडाभर शोधतो आहे.

ऋषी, इतकं मराठी तुला एका दमात कळलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. ईशान मागे उभा आहे, तो तुला इंग्रजीत सांगेल. मंडळात याच्यापुढे माझ्याशी कोण बोलेल, कोण बोलणार नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आणि मला कुणाचा राग येणार नाही.

मंडळाने मला बोलू दिलं, काय बोलणार हे न विचारता दिलं, त्याबद्दल कार्यकारिणीचा मी आभारी आहे. तुम्ही मध्येच उठून गेला नाहीत, त्याबद्दल तुमचाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. लिहिण्यात जे झालं, त्याची क्षमा मी सभागृहाकडे मागत नाही. ती मालिनीताई, त्र्यंबकराव आणि ऋषी, तुम्हा तिघांकडे मागतो, आणि एवढीच विनंती करतो की लोकांसमोर आहोत म्हणून भिडेखातर देऊन टाकू नका.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर शाल आणि श्रीफळ माझ्या हस्ते, असं लिहिलं आहे. नैनाताई, ते आपण द्यावं. मी खाली बसतो.