‘कुणी नाही’ असं लिहिलेला अर्ज

पुढं सरका, माउली! मुलांनो, तुम्ही इथं, अगदी माझ्यासमोर. आज मी दमलोय, आवाजही बसलाय. दोनदा सांगायला लावू नका!

एकच प्रश्न विचारतो. ‘मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो’ असं आपण छाती काढून म्हणतो. पण ते पाय पहिल्यांदा जमिनीवर टेकवले कुणी? अं? खाली काय बघता? उत्तर सतरंजीवर पडलेलं नाही!

मिरजेला मुनीर नावाचा एक तंबोरे करणारा होता. चाळिशीचा. स्वतःचं दुकान, कुणाची चाकरी नाही. मुलांनो, तंबोरा कशाचा करतात? – भोपळ्याचा! हसताय काय? भाजीचा भोपळा खाल्ला की संपतो, हा वाजत राहतो! त्या भोपळ्यावर तारा, आणि तारांखाली हाडाची एक छोटी घोडी. ती कानशीनं घासायची, इतक्या हलक्या हातानं, की तार तिला नुसती शिवून जावी. मग सूर फुलतो. याला म्हणतात जवारी काढणं. बाकी सगळं काम मुनीर करायचा. जवारी मात्र त्याचे वडील काढायचे, दस्तगीरचाचा. वय एक्क्याऐंशी. दिसायचं अंधुक, पण कान? पलीकडच्या गल्लीत कोण बेसूर गातंय, ते नावानिशी सांगतील!

मुनीरनं ठरवलं, कॅनडात जायचं. फिरायला नव्हे, कायमचं! बायको, दोन मुली, सगळ्यांनी. तिथं जाऊन स्वतःचाच धंदा करायचा. अर्ज आला. बाप रे, केवढा तो अर्ज! मुलगी देतानासुद्धा आपण इतकं विचारत नाही! एका दुपारी दुकानात थोरली मुलगी समीना वाचत होती, मुनीर सांगत होता.

‘धंदा स्वतःचा?’

‘हो. लिही.’

‘कामाला दुसरं कुणी?’

मुनीर अडखळला. परदेशी पाठवणाऱ्या एजंटानं बजावलं होतं, सगळं मी एकटाच करतो असंच लिहा. म्हणाला, ‘लिही... कुणी नाही.’

कोपऱ्यात चाचा बसले होते, त्यांची कानस थांबली.

मंडळी, म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं! पण नाही. शांतपणे म्हणाला, ‘बेटा, सही केलीस?’

‘नाही, अब्बा. ते नुसतं कागदापुरतं... खोडतो मी.’

‘खोडू नकोस. तुला जायचंय. मला यायचं नाही. तुझी अम्मी इथल्या मातीत आहे. पण खोटी सही घेऊन जाऊ नकोस. अर्ज कधी द्यायचाय?’

‘संक्रांतीपर्यंत.’

‘पाच महिने आहेत. बस इथं, जवारी शीक. खरं होईपर्यंत सही करायची नाही.’

झालं! बापलेक समोरासमोर बसले. माझा तंबोरा दुरुस्तीला होता, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. चार घोड्या वाया गेल्या. चाचांचा आवाज एकदाही चढला नाही. ‘हात नंतर. आधी ऐक.’

‘ऐकू येतंय, अब्बा.’

‘तुला नाही. तुझ्या घाईला येतंय.’

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण असं शिकवणं पाहिलं नाही. मूल जवळ राहावं म्हणून आपण शिकवतो. हा बाप शिकवत होता, मुलगा लांब जावा म्हणून! रोज थोडं त्याच्या हातात द्यायचं... रोज तेवढं आपण कमी व्हायचं.

थांबा जरा. पाणी घेतो.

पौषात एक दिवस मुनीरनं एकट्यानं जवारी काढली. चाचांचे हात मांडीवर. तार छेडली. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

‘माझ्यापेक्षा मोकळी वाजतेय,’ म्हणाले. ‘आण तो अर्ज. आता खरंच कुणी नाही.’

मुनीरनं पेन उचललं. पण केसाइतकं हाड घासणारा तो हात – नाव लिहिताना भलताच जोर लावायला लागला! कागद सरकू लागला. तेव्हा चाचांनी चाचपडत दोन्ही तळवे कागदावर ठेवले. घट्ट दाबून धरला. सही पुरी होईपर्यंत.

गेला मुनीर कॅनडाला. गेली सगळी.

आता तुमच्याकडं बघतो. तुमच्या दुकानावर एकच नाव आहे, दारावरच्या पाटीवर एकच नाव आहे. असू दे, छान आहे. पण तुम्ही ते नाव लिहीत होतात, तेव्हा कागद कुणी दाबून धरला होता? ते हात अजून घरात असतील, तर आज जेवायच्या आधी जरा हातात घेऊन बसा. नसतील... तर क्षणभर इथंच गप्प बसू. मीही बसतो.