त्रेसष्टाव्या पानावरचे बुलबुल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वसाहतीचे सचिव, पुस्तकाचं बाड डोळ्यांत तेल घालून तपासणारे प्राध्यापक, शेवटच्या घटकेपर्यंत मजकूर बदलू देणारे छापखान्याचे मालक, समोर बसलेले सगळ्या जिन्यांतले शेजारी, आणि पहिल्या रांगेत कानातलं यंत्र खिशात घालून निवांत बसलेले आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांची हरकत नसेल तर मी बसून बोलते. गुडघ्यांनी दोन महिन्यांपूर्वीच राजीनामा दिला आहे. त्यांच्यामुळेच तर हा निरोप. चौथा मजला आता झेपत नाही, म्हणून आम्ही मुलीकडे राहायला चाललो आहोत. तिथे लिफ्ट आहे. तिथे खिडकीबाहेर काय आहे ते मी विचारलेलं नाही. विचारायची हौस राहिलेली नाही, असं म्हटलं तरी चालेल.

सचिव माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. वीस वर्षं एकही दिवस न चुकता या बाईंनी आपल्या आवारातलं गवत, किडे, पाखरं यांची नोंद ठेवली, असं ते म्हणाले. माझी नजर घारीची आहे, असंही म्हणाले. माणूस निघाला की त्याच्याबद्दल बरं बोलतात, ती रीतच आहे, आणि मी सचिवांची आभारी आहे. पण मी तीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते. समोरचा बोलेल तसंच्या तसं उतरवायचं, एवढंच माझं काम. त्या कामाची खोड अशी लागते की कुणी चुकीचं सांगितलं की हात थांबतो. तर वीस वर्षांतली पहिली नऊ वर्षं माझी नाहीत, सचिव. ती आमच्या वन्संची आहेत.

इथल्या फार थोड्यांनी वन्संना पाहिलं असेल. ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या. रेघ केसाएवढी जाड झाली तरी कागद बदलायच्या, अशी त्यांची ख्याती. मग संधिवाताने आधी बोटं गेली, मग गुडघे, मग कंबर. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मागच्या खोलीतल्या पलंगावर आल्या, आणि तिथून उठल्या नाहीत.

आमचं दोघींचं पटायचं नाही. आज लपवून काय करायचं? त्यांना आमटी गरम लागायची आणि मला ऑफिसची बस गाठायची असायची. ह्यांची फिरतीची नोकरी. महिन्यातले पंधरा दिवस घरात आम्ही दोघी आणि शाळेत जाणारी मुलगी. सकाळी त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, औषध, मग स्वयंपाक, मग कोर्ट. दिवसभर शेजारच्या आजी येऊन बसायच्या. संध्याकाळी परत आले की पुन्हा तेच. मी कधी आदळआपट केली नाही. फक्त बोलणं बंद करायचे. त्याने जास्त लागतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आल्यानंतर दुसऱ्या महिन्यात एके संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुझी जुनी वही आहे का एखादी?"

"कशाला?"

"लिहून घे. खिडकीच्या चौकटीत कुंभारमाशी मातीचं गाडगं करतेय. दहा वीसला सुरुवात. चाळीस मिनिटांत सात खेपा."

मला हसू आलं. रागही आला. दिवसभर साक्षी उतरवून यायचं आणि घरी माशीची साक्ष! पण लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी होतं. पाइपाच्या सांध्यात उगवलेला नेचा. भिंतीवर आंबुशीला फुलं आली, अकरा. मी एकदा नुसतं 'बरेच कावळे' लिहिलं, तर म्हणाल्या, "बरेच म्हणजे किती? कोर्टात बरेच साक्षीदार लिहितेस का?"

चौथ्या मजल्यावरच्या मागच्या खिडकीतून दिसतं तरी किती? कुंपणाची भिंत, शेजारच्या इमारतीचे पाइप, एका झाडाचा शेंडा, आणि आभाळाचा एक तुकडा. ते सगळं त्यांनी वर्षभरात पाठ केलं. मग त्या मला खाली धाडायला लागल्या. जाताना अमुक बघ, येताना तमुक बघ. पाण्याच्या टाकीवर चतुर बसतात का? फाटकाजवळच्या झाडाच्या सालीत मुंग्या वर चालल्यात की खाली? माझे डोळे त्यांनी भाड्याने घेतल्यासारखे वापरले. आणि भाडं म्हणून, मी सांगायला लागले की त्या अशा ऐकायच्या... माझं बोलणं आयुष्यात तेवढ्या लक्ष देऊन दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. ह्यांना ऐकू येत असतं तर त्यांनीही मान डोलावली असती.

आता मी ज्यासाठी बोलायला उभी राहिले, म्हणजे बसले, ते सांगते. या नोंदींचं पुस्तक प्रत्येकाच्या हातात आहे. कृपा करून त्रेसष्टावं पान उघडा. मी थांबते.

सापडलं? वरून दुसरी नोंद. 'मीटरच्या खोलीजवळची घाणेरी. बुलबुल. सतरा तारीख, सकाळी तीन पिल्ले उडाली.'

ती नोंद खोटी आहे.

वन्संचं ते आमच्याकडचं सातवं वर्ष. मीटरच्या खोलीजवळ घाणेरीच्या झुडपात बुलबुलाने घरटं केलं होतं. ते खिडकीतून दिसायचं नाही. वन्संनी त्यांचा हातआरसा माझ्याकडे दिला होता. फांदीला हात न लावता आरसा वर धरायचा आणि आत पाहायचं. तीन तारखेला मी वर येऊन सांगितलं, कालपर्यंत दोन होती, आज तीन अंडी. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी आमटीबद्दल काही म्हटलं नाही.

सतरा तारखेला माझ्या अंगात कणकण होती. कोर्टात एक लांबलेली उलटतपासणी उतरवून मी आले होते. हे गावोगाव. मुलीची परीक्षा. शेजारच्या आजी आठवडाभर आजारी, म्हणून दुपारी वन्संजवळ कुणी नव्हतं. मी चार मजले चढून आले, पिशवी ठेवली, आणि आतून हाक आली.

"अगं, मीटरच्या खोलीकडे बघून आलीस का?"

नव्हतं बघितलं. पुन्हा खाली जाऊन पुन्हा चढायचं, या कल्पनेनेच माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी दारातूनच म्हटलं, "बघितलं. उडाली पिल्लं."

त्यांनी खिडकीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"कधी?"

"आज सकाळी."

"किती?"

"तिन्ही."

"तू पाहिलीस उडताना?"

"माळ्याने पाहिली."

बघा, साक्षीदारसुद्धा उभा केला मी. तीस वर्षांत किती खोटे साक्षीदार समोर आले, मला त्यांची सगळी लक्षणं माहीत. विचारलं त्याहून जास्त सांगतात.

"मग लिही," वन्सं म्हणाल्या. आणि त्यांनी शब्द न् शब्द सांगितला, जसा आज छापला आहे तसा. मी लिहिला. मग म्हणाल्या, "आज एवढंच. तू जरा पड. चहा नंतर कर."

मी पडले. आणि झोप लागली मला, छान लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जाताना मी त्या झुडपाकडे पाहिलं. पक्षीण आत बसलेली होती. शेपटी बाहेर. मला परत वर जाऊन सांगता आलं असतं. साडेआठची बस होती. संध्याकाळी सांगेन म्हटलं, आणि संध्याकाळी सांगितलं नाही. त्यानंतर मी मागच्या फाटकाने ये-जा करायला लागले. त्या तीन अंड्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. दमलेली बाई दोन वाक्यं खोटं बोलली. तेरा वर्षं मी तेच धरून बसले होते. चार महिन्यांपूर्वी प्राध्यापक आमच्याकडे छपाईआधी तपासायची कच्ची पानं घेऊन आले. त्यांनी या नोंदीवर बोट ठेवलं. ते आज व्यासपीठावर आहेत, मी शब्द बदलला तर त्यांनी मला टोकावं.

"काकू, इथे तारीख चुकली असणार."

"तारीख बरोबर आहे. माझं अक्षर आहे."

"पण तीन तारखेला अंडी, आणि सतराला पिल्लं उडाली? बुलबुलाची अंडी फुटायलाच बारा-तेरा दिवस लागतात. पिल्लं घरट्याबाहेर पडायला पुढे आणखी तेवढेच. कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल तुम्हाला."

मी पानं मागे उलटली. एकोणिसाव्या पानावर थांबले. तुम्हीही पाहा. शेंड्यावरचं घरटं, खिडकीतून वन्संनी स्वतः पाहिलेलं, पाच वर्षं आधीचं. 'अंडी घातल्यापासून घरटे रिकामे होईपर्यंत सव्वीस दिवस.' त्याही नोंदीत अक्षर माझंच. मी लिहून घेतलं होतं आणि विसरून गेले होते. लघुलेखिकेच्या डोक्यात काही राहत नाही, ते हातातून कागदावर जातं. पण त्या नकाशे काढणाऱ्या बाई होत्या. पाव इंचाची चूक त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही, तिथे बारा दिवस सुटले असतील?

त्यांना कळलं होतं. मी दारात उभी राहून बोलत होते तेव्हाच कळलं होतं. प्रश्न विचारले ते मला परत फिरायला जागा देण्यासाठी. मी फिरले नाही. तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा एक चुकीची नोंद सांगितली, आणि मला झोपायला पाठवलं.

प्राध्यापकांना मी त्या दिवशी चहा दिला की नाही तेही मला आठवत नाही.

आणखी एक. त्रेसष्टनंतरची पानं सावकाश चाळा. खिडकीच्या गजावरच्या मुंग्या. पाल. पाइपावरची खार. समोरच्या भिंतीवरचं शेवाळ, त्याचा रंग. भिंत, पाइप, शेंडा, आभाळ. दोन वर्षं, त्या जाईपर्यंत, खालची एकही नोंद नाही. त्या सतरा तारखेनंतर त्यांनी मला एकदाही खाली काही बघायला सांगितलं नाही. मी समजले, त्यांचा उत्साह संपला. माझी सुटका झाली असं वाटलं मला. आणि हसतखेळत सांगत होते मी शेजारच्या आजींना, की वन्संचं वेड कमी झालं हो!

त्या गेल्यावर वहीत बरीच पानं कोरी होती. एके दिवशी मी खाली गेले आणि फाटकाजवळच्या झाडावरच्या मुंग्या वर चालल्यात की खाली ते पाहिलं. मग रोजच जायला लागले. तुम्ही मला किडेवाली काकू म्हणायला लागलात. सचिवांशी फवारणीवरून भांडले, ते त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. अकरा वर्षं चालले. त्याला प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका, तेवढी मी मोठी नाही. मला चुकीचं काय झालं तेच तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. जे बघायला जायचं राहिलं ते बघत होते, इतकंच. आणि सांगायला घरी कुणी नव्हतं.

प्राध्यापक म्हणाले, ती नोंद वगळू. मी नको म्हटलं. कोर्टात एकदा उतरवलेली साक्ष खोडत नाहीत. शिवाय ती वन्संनी सांगितलेली आहे, माझ्यासाठी सांगितलेली. पुस्तकावर मात्र माझ्या एकटीचं नाव आहे. मुखपृष्ठाचा नमुना आला तेव्हाच मी बोलायला हवं होतं. खरं सांगू? नाव बघून बरं वाटलं. आठ दिवस मी ते कपाटातून काढून काढून पाहिलं. मग छापून झालं. छापखान्याचे मालक म्हणतात, वन्संच्या नावाची चिठ्ठी छापून चिकटवता येईल. चिठ्ठी कशी लावायची ते त्यांना विचारा, आणि कृपा करून माझ्या नावाच्या वर लावा. आणि त्रेसष्टाव्या पानावर शिसपेन्सिलीने लिहा, 'लिहून घेणारी खोटं बोलली.' 

तिसऱ्या जिन्यात शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या सासूबाई सहा महिने पडून आहेत. त्यांना वहीबिही काही नको, पण फाटकाबाहेरच्या कुत्रीला पिल्लं झाली का, एवढं त्या रोज विचारतात, असं ऐकलं. सूनबाई, तुम्ही इथे बसला आहात, मी तुमचे पाय पाहिलेत, किती सुजतात ते. एखाद्या दिवशी नाही जमणार. त्या दिवशी म्हणा, 'आई, आज मी दमले, उद्या बघते.' ते चालतं. कुणी रागावत नाही. मला हे वाक्य सुचायला हवं होतं, फार अवघड नव्हतं.

सचिव, प्राध्यापक, मालक, शेजारच्या आजींची नात, जी माझं सामान बांधायला गेले चार दिवस येते आहे, आणि इतका वेळ खुर्च्या न वाजवता बसलेले तुम्ही सगळे, तुमचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी हसवायचं असतं, ते काही मला साधलं नाही. सांगण्यात मागेपुढे झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पदरात घ्या. ज्यांच्याकडे माफी मागायची त्या ऐकायला नाहीत. म्हणून तुमच्यासमोर बोलले, आणि वन्संना आवडायचं तसं, मोघम न ठेवता बोलले.