न राहणारा रंग

…आणि वर मलाच सांगतात, भिंतीला टेकू नका, डोक्याचं तेल लागतंय! आता तुमीच सांगा, सत्तरी उलटलेल्या बाईनं टेकायचं तरी कशाला, हवेला? पण न्हाई. उलव्यातल्या आमच्या फ्लॅटात भिंत आता बघायची वस्तू हाय, टेकायची न्हाई. आपल्याला काय कळतंय म्हणा, आपण अडाणी!

तुमाला सांगते, हे सगळं नातवाच्या, यशराजच्या लग्नावरनं सुरू झालं. लग्नघर हाय, रंग काढायला पायजे, एवढं साधं. कोपरखैरण्याच्या खोलीत होतो तवा आमचे हे दिवसभर बाजारात पोती उचलून यायचे, डब्यात चुना भिजवायचे, त्यात चिमूटभर नीळ, झाला रंग! आता म्हणे अभ्यास करावा लागतो. लेक मानसिंग म्हणतो प्लास्टिक, सून शालन म्हणते साटीन, नातू मोबाइल घासून घासून म्हणतो मॅट, आणि मी डिस्टेंपरचं नाव काढलं तर तिघांनी असं बघितलं, जसं काय मी व्याह्यांना फुटक्या कपात चहा दिला. पोरगी बघायला गेलो तवा चहा निवायच्या आत ठरलं, आणि भिंतीला महिना!

शेवटी गेलो वाशीला, रंगाच्या दुकानात. मला कशाला नेलं? घरी ठेवली तर गॅस चालू ठेवीन म्हणून. दुकानदारानं पुढ्यात पत्ते पिसल्यासारखी पानं पसरली. सगळे पांढरेच! एक हस्तिदंती, एक मोतिया, एक सायीचा, एक म्हणे 'पहाटेचं धुकं'… बाबा रे, धुकं आमच्या उलव्यात फुकट मिळतंय, वर बांधकामाची धूळ घालून. मग त्यानं फळीवर चहा ओतला, सॉस फासला, खडूनं रेघा ओढल्या, आणि ओल्या फडक्यानं सर्रकन… गायब. वर मान उडवून म्हणतो कसा, "मावशी, हळद जरी सांडली ना, हात फिरवला की साफ. काहीच राहनार नाय." शालननं टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या.

मी मात्र त्या कोऱ्या फळीवरनं बोट फिरवून बघितलं. आवो, आमच्यात नवी नवरी उंबरा ओलांडून आली की हळदीत दोन्ही हात बुडवून दाराजवळच्या भिंतीवर उमटवते. हात उमटले की ती ह्या घरची. ह्याच शालननं उमटवले होते, ताज्या चुन्यावर. चुन्याला हळद लागली की लाल होते, तुमाला म्हाईत असंल. दर दिवाळीला आमचे हे त्या हातांच्या कडेकडेनं चुना मारायचे, एका बोटाला कुंचला लागू द्यायचे न्हाईत. पुढं खोली विकली, नव्या मालकानं वरनं फरशी ठोकली. गेले हात.

म्हणून मी दुकानदाराला हळूच विचारलं, "भाऊ, राहील असं काय हाय का?"

"काय राहील?"

"डाग."

तो मानसिंगकडं बघाय लागला. मानसिंग म्हणाला, "आई, तू बस जरा." बसले. आपल्याला काय कळतंय, आपण अडाणी!

साटीन लागलं, मोतिया. भिंत अशी गुळगुळीत की माशी बसली तर घसरंल. लग्न झालं, नातसून राजेश्वरी दारात आली, पोर मोठी गुणाची. मी कालवलेली हळद पुढं धरली, तिनं हात बुडवले, भिंतीवर टेकवले, आणि पाव्हण्यांच्या डोळ्यांदेखत… ओघळ! दहा बोटांच्या दहा पिवळ्या धारा खाली फरशीपर्यंत. शालननं फडकं मारलं. सर्रकन. मानसिंग व्याह्यांना म्हणतोय, "बघा, काहीच राहत न्हाई!" दुकानदार खोटं बोलला न्हाई हो, एवढंच त्याचं चुकलं.

पोर तशीच उभी, पिवळे हात हवेत धरून, टेकवायचे कुठं कळंना. माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "आजी, आता?" मग वाकली पाया पडायला, मी उठवली, तर गळ्यातच पडली की! माझ्या नव्या सुती साडीवर, पाठीवर, दोन्ही हात. दहाच्या दहा बोटं.

शालननं साडी साबणात घातली. तर काय सांगू, पिवळे हात लालभडक झाले, चुन्यावर व्हायचे तस्से! घासलं, धोपटलं, काय काय केलं, हलायला तयार न्हाईत. तिला आपल्या त्या हातांची ओळख पटली का काय, देव जाणे. पुन्हा घासायचं सोडून तिनं साडीची घडी घातली आणि माझ्याकडं दिली.

मी तीच नेसते आता. आणि तीच शालन मागनं ओरडते, "आत्याबाई, त्या साडीनं भिंतीला टेकू नका, रंग लागंल!"

न्हाई टेकत, बाई. बसते अशी मधोमध. टेकायची ती पोर टेकून गेली की मला.