ओळख कोणी पटवली?

काकू, सरांचे विद्यार्थी, मित्रमंडळी. मी बोलणारा माणूस नाय. वेरूळच्या रस्त्यावर गारगोट्या विकतो. माईक हातात धरायची ही पहिलीच वेळ, आणि ती जोगदंड सरांच्या शोकसभेत यावी, हे लई जड जातंय.

सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर दर गुरुवारी माझ्या दुकानात यायचे. विकत काही घेत नसत. माझी चुकलेली लेबलं तेवढी दुरुस्त करत.

मागच्या वर्षी राजस्थानहून आलेल्या पेटीत एक दगड निघाला. वर पिवळसर हिरवे, पातळ पापुद्रे. आम्हा दुकानदारांना सवय, दगडाला जीभ लावायची. ओला झाला की खरा रंग कळतो. मी तोंडाजवळ नेला, तसा सरांनी हातावर फटका मारला. म्हणाले, "शिवा, हे युरेनियम असेल. आधी हात धू."

अतिनील दिव्याखाली तो दगड हिरवागार उजळला. तेवढ्यावर सरांचं समाधान नाय. भिंग, पुस्तकं, आठ दिवस तेच. मग म्हणाले, "फार दुर्मिळ खनिज आहे."

मी विचारलं, "किंमत किती यायची, सर?"

"तुझ्या दुकानात शून्य. हे विकायचं नसतं, सरकारला कळवायचं असतं. अभ्यासाला मात्र अनमोल आहे."

कळवल्यावर सरकारी खनिज खात्याचे अधिकारी आले, त्या दिवशी सर तापानं घरी पडले होते. साहेबांनी विचारलं, ओळख कोणी पटवली? मी म्हणालो, मी.

का म्हणालो? जन्मभर लोक गारगोटीवाला म्हणाले. एकदा तरी जाणकार म्हणावं, असं वाटलं. कागदावर माझं नाव चढलं. तपासणीत सरांचं म्हणणं खरं निघालं, आणि पेपरात फोटो माझा आला.

त्या गुरुवारी सर पेपर घेऊनच आले. म्हणाले, "फोटो बरा आलाय तुझा." आणि लेबलं बघायला बसले. मी हसलो. मला तेव्हा बोलता आलं असतं. पुढच्या गुरुवारी बोलता आलं असतं. त्याच्या पुढच्याही. नाय बोललो.

काकू, सरांनी तुम्हाला हे सांगितलं होतं का, मला माहीत नाय. आज सगळ्यांसमोर सांगतो. तो दगड सरांनी ओळखला. मी नाही.

काल त्या खनिज खात्याच्या कार्यालयात जाऊन कागदावरचं नाव बदलायचा अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, ज्यांचं नाव घालायचं, त्यांची सही आणा.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मला सरांची माफी मागायची आहे.