हाजीसाहेबांचं मचाण

बहरीनमध्ये शिकारीचं मचाण विकलेला मराठी दुकानदार बहुतेक मी एकटाच, आणि तेही आजवर एकच विकलंय. गिऱ्हाईक म्हणजे इथल्याच बुदैया गावचे हाजीसाहेब, वय पंचाहत्तर. दरवर्षी परवाना काढून हरणाच्या शिकारीला परदेशी जायचे. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाने बजावलं, "चढायला सोपं, पडायची भीती नाही असं मचाण मिळालं तर जा, नाहीतर शिकार खलास."

मीना सलमान बंदराजवळच्या माझ्या वर्कशॉपमध्ये संगमेश्वरच्या शांताराम सुताराने ते केलं. रुंद पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, वर हाताची खुर्ची. बापलेक बघायला आले. हाजीसाहेब दम न लागता वर चढले, ऐसपैस बसले आणि शेजारी लोंबणारी दोरी सहज ओढली. खाली टांगलेला पत्र्याचा डबा असा खडखडला की मी जागच्या जागी उडालो.

"शांताराम, हे काय रे?"

"शेट, शेतात माळा बांधला की डबा आलाच. त्याशिवाय रानडुकरं पळतील कशी?"

"अरे, यांना जनावर जवळ यायला हवंय!"

मुलगा मात्र खूश. "डबा राहू दे. बाबांना वर काही झालं तर खालच्या माणसाला कळेल. आता खुशाल जा, बाबा."

हाजीसाहेबांनी वरूनच शांतारामवर डोळे वटारले. "तू मेरा आदमी है, या मेरे बेटे का?"

शांताराम हात जोडून म्हणाला, "हिरन का, हाजीसाहब."